गळ्यातली सुंदरम्मा

सुंदरम्मा माझी सवत. मी या घरात यायच्या आधीच वारलेली, तरी नवऱ्यापेक्षा तिच्याशीच माझं बोलणं जास्त. सिद्धराम नुसतं "हं" म्हणतात आणि मोबाइलात डोकं घालतात. सुंदरम्मा निदान ऐकायची.

ती राहायची माझ्या गळ्यात. आमच्यात दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा. नवी साडी आधी त्याला दाखवायची, मगच नेसायची. नाहीतर पहिली रुसते. टाकावर बाईचा मुखवटा कोरलेला असतो. माझ्या सासूबाईंनी, केराबाईंनी, मात्र घरातलं एक जुनं नाणं काढलं. आजेसासऱ्यांनी लोकर विकायला गेल्यावर कुठूनसं आणलेलं, वेटोळं घातलेल्या सापाचं.

"नाग हाय की ह्यो! ह्येच्यात बसंल माजी सून," त्या म्हणाल्या. सोनारानं कसोटीचा दगड काढला तशा कडाडल्या, "कडी लाव फकस्त. मेलेल्या पोरीला दगडावर घासतोस व्हय रं?"

त्या सापाला पाय आहेत हे मला लग्नानंतर दिसलं. पायाचा साप कुठला, एवढ्या एका प्रश्नानं मला नादाला लावलं. शाळा अर्धवट सुटलेली बाई मी. आधी डिक्शनरीवरून, मग मोबाइलवरून शिकत गेले. साप नव्हे, ड्रॅगन. चीनमधल्या क्वांगतुंग प्रांताचा जुना चांदीचा डॉलर. पुढं मी तिकडच्या प्रांताप्रांतांची नाणी पोस्टानं मागवायला लागले. त्याच काळात तिथल्या ठकांनी पाडलेली खोटी नाणीसुद्धा, आत पितळ, वर चांदीचा मुलामा. खऱ्यांपेक्षा त्यांच्यावर माझा जीव. शंभर वर्षं खोटेपणा निभावणं काय सोपं आहे?

माझ्या नाण्याबद्दल शंका नव्हती. त्यावर बारीक बारीक ठसे होते. तिकडचे दुकानदार नाणं पारखलं की आपला ठसा ठोकत. एवढ्या जणांनी पारखलेलं मी कशाला गळ्यातून काढू? शिवाय नवी साडी दाखवली की ते गार पडायचं. सोलापूरच्या मे महिन्यात, गळ्याच्या खळगीत, माठातल्या पाण्यासारखं गार. साडी आवडली म्हणायची तिला, असं मी धरून चालायची.

या मेमध्ये दिपाली पुण्याहून डोहाळजेवणाला आली. सुंदरम्माची लेक. तिला जन्म देतानाच सुंदरम्मा गेली, वाढवली मी. मला ती माई म्हणते.

"माई, एक मागू? आई दे की मला. बाळंतपणात जवळ असू दे. लई भीती वाटती गं."

"आणि मी कुणाशी बोलू?"

"पप्पा आहेत की!"

हसलो दोघी. पण तिचा हात पोटावरून हलला नाही. मी नाणं गळ्यातून काढलं.

द्यायच्या आधी उजळावं म्हणून चिंचेनं घासायला घेतलं, तर कडेला पिवळं दिसलं. माझा हात थांबला. नाणी तोलायचा छोटा काटा काढला. खरं नाणं सत्तावीस ग्रॅमच्या आसपास भरतं. हे कडीसकट चोवीसही भरेना. बोटावर तोलून टिचकी मारली. चांदी गुणगुणते. हे नुसतं थप्प. ठसेसुद्धा ठकानंच मारलेले.

पितळेत मेलेलं माणूस बसत नाही, असं केराबाईच सांगायच्या. म्हणजे सुंदरम्मा यात कधीच नव्हती. इतकी वर्षं मी पितळेला सुखदुःख सांगत बसले. मला हसू आलं.

तेवढ्यात गळ्याची खळगी गार पडली.

नाणं समोर काट्यावर होतं. गळा मोकळा होता.

"माई, काय झालं? पांढरी पडलीस."

"नाणं खोटं आहे गं."

तिचा चेहरा उतरला. "मग आई?"

मी तिचा हात धरून माझ्या गळ्याला लावला. तिनं चटका बसावा तसा मागं घेतला. मग पुन्हा, सावकाश, स्वतःहून ठेवला. डोळे भरले तिचे. तिनं आईला कधी हात लावलेला नव्हता.

डोहाळजेवणासाठी आणलेली हिरवी इरकल घडीतच होती. एरवी मी ती माझ्या गळ्याशी धरली असती. दिपालीच्या खांद्यावर टाकली.

"सुंदरम्मा," मी म्हटलं, आवाज जरा चढवूनच, कारण नाहीतर रडले असते, "ही साडी माझी नव्हे, हिची आहे. बघून घे. आणि जा आता हिच्याबरोबर. माझी काळजी करू नको. यांचं 'हं' मला पुरेल."

दिपाली साडी नेसायला लागली. निऱ्या घालता घालता तिचा हात गळ्याकडं गेला.

"माई, पंखा कमी कर की. गार लागतंय."

लाईट सकाळपासून गेलेली होती. माझ्या गळ्याच्या खळगीत घाम साचला होता, नवी साडी समोर असूनही, पहिल्यांदाच. मी तो पदरानं टिपला.

"करते," म्हटलं, आणि भिंतीवरचं बटण दाबून आले.