होळीपर्यंत आलेले

आमच्या कॉलनीत अठरा घरं आहेत. बहुतेक सगळी कारखान्यातून रिटायर झालेल्यांची. बोअर मात्र एकच, आणि चैत्र लागला की तीही धापा टाकते. म्हणून अध्यक्ष रत्नाकरभाऊंनी मीटिंग बोलावली. विषय होता, बाहेरून येणाऱ्यांना खोल्या भाड्याने द्यायच्या की नाही.

बाहेरून येणारे म्हणजे खरं तर एकटी रोशनी. बरगीकडची, हिंदी मुलखातली. मुलीच्या शाळेसाठी यंदाच शिवरात्रीला आली आणि माझ्या मागच्या खोलीत शिलाई मशीन मांडून बसली. ठराव झाला तर तिला एक तारखेला खोली सोडावी लागणार होती. मीटिंगला चहा तीच देत होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण चहा करायला दुसरं कुणी तयारही नव्हतं.

लिहायचं काम माझ्याकडे होतं. माझा हात सावकाश चालतो. त्यामुळे ठरतं तेवढंच वहीत येतं, भांडण येत नाही.

"कोणाला काढायचं नाही," रत्नाकरभाऊ म्हणाले. "फक्त एक साल ठरवू. त्याच्या आधी आले ते आपले. माझ्या मते पंच्याऐंशी."

"तुम्ही वर्ध्याहून चौऱ्याऐंशीत आले म्हणून?" श्यामसुंदरजींनी विचारलं. ते अकोल्याहून एक्क्याण्णव साली बदलीवर आलेले. "ब्याण्णव धरा."

"अन् मी काय उपरी आहे?" प्रतिमावहिनी लग्न होऊन नव्याण्णवमध्ये आल्या. "दोन हजार करा. गोल आकडा आहे, लक्षातही राहते."

मी म्हटलं, "माझं ऐकाल तर त्र्याहत्तर. मी बहात्तरला आले तेव्हा इथे नुसत्या बाभळी होत्या."

"मग तुम्ही एकट्याच राहा ना मावशी, बाभळी लावून!" वहिनी म्हणाल्या.

"गोष्ट वेगळी आहे," रत्नाकरभाऊ म्हणाले. "आपण नोकरीवर आलो. आपल्याला बोलावलं होतं."

"तुम्हाला कारखान्याने बोलावलं," मी म्हटलं. "मागून तुमचे तीन भाऊ अन् मेव्हणा आले, त्यांना कोणी बोलावलं होतं?"

"काहून जुनं काढून राहिल्या मावशी? तेव्हा पाणी होतं."

ते मात्र खरं होतं. पाणी होतं. सगळे चहा पिऊ लागले.

शेवटी श्यामसुंदरजी रोशनीकडे वळले. "तुझंच चाललं आहे, तर तूच सांग. तुम बताओ, कब तक के लोग रहें?"

आता ही हात जोडणार, रडणार, म्हणून वहिनींनी पदर सावरला. रोशनीने ट्रे खाली ठेवला.

"इस होली तक के," ती म्हणाली. "उसके बाद किसी को मत लेना, भैया. एक को भी नहीं."

"काहून?"

"मेरा देवर आने वाला है. चार बच्चे हैं उसके. इतना पानी है कहाँ?"

मग रत्नाकरभाऊ असे हसले की त्यांची बशी निसटली. "अहो, ही तर अगदी आपल्यासारखी बोलून राहिली!"

अर्ध्या तासात ठराव पास झाला. होळीपर्यंत आलेले सगळे आपले. रोशनीला खुर्ची मिळाली. पहिल्यांदाच तिचा चहा वहिनींनी गाळला.

सगळे गेल्यावर आम्ही दोघी खुर्च्या उचलत होतो. मी विचारलं, "देवर दारात आला की त्याला कोण सांगेल?"

"अध्यक्ष जी सांगतील ना." माझ्यासोबत राहून तिला एवढी मराठी जमते.

"अन् मुलं? लहान आहेत?"

"बड़ा तो आठ का है." ती दोन खुर्च्या एकीत एक बसवू लागली. "छोटी अभी चलना सीख रही है. मेरी ही गोद में सोती थी."

तिने आणखी दोन खुर्च्या बसवल्या. मग वहीकडे पाहत हळूच म्हणाली,

"मौसी, होली की जगह दशहरा कैसा रहेगा?"