मधल्या कमानीची हद्द

फुलाकाकीचा तांब्याचा हंडा घाटावरून गेला, त्या दिवशी सारोळ्याच्या बायका पहिल्यांदा चावडीची पायरी चढल्या. पुढं फुलाकाकी, पदर खोचलेला, हाताला अजून हंडा घासल्याची राख. मागं दहा-बाराजणी.

पोलीस पाटील कुंडलिक चावडीत एकटाच बसला होता. इतक्या बायका बघून तो उठून उभाच राहिला.

"बसा काकी."

"बसाया न्हाई आले. हंडा घासून दगडावर पालथा घातला, लुगडं पिळाया वळले, आन् फिरून बघतीया तर हंडा न्हाई. माझ्या आईनं दिलेला हंडा हुता त्यो."

"कोणी दिसलं?"

"दिसाया कशाला पायजे?" मागून बयाबाई म्हणाली. "धर्मशाळेत कोण पडल्यालं असतं, गावाला ठाव हाय. आमी पान्याला निघालो की शिट्ट्या मारत्यात. परवा माज्या लेकीच्या घागरीवर खडा मारला. देवळाची समई गेली, कोंबड्या गेल्या. तुमी काय करताय, पाटील?"

कुंडलिकनं मान खाली घातली. 

नीरेच्या पुलाजवळ सडकेला लागून ती धर्मशाळा होती. पूर्वी तिथं गाडीवान बैल सोडायचे, भाकरी खायचे. गेल्या दोन वर्षांत गाडीवानांनी तिथं थांबणं सोडलं होतं. दिवसभर चार-पाचजण भिंतीला टेकून चिलीम ओढत पडलेले असायचे, आणि ज्यांचं चिलमीनं भागत नसे ते अफूची गोळी घ्यायचे. त्या गोळीवाल्यांतला पहिला होता ज्ञानू.

ज्ञानूची गोष्ट कुंडलिकला पाठ होती. भाटघरचं धरण बांधलं जात होतं तेव्हा मुकादमाला माणसं हवी होती. गावातनं वीस गडी गोळा करून कुंडलिकच घेऊन गेला होता, आणि त्यांत सगळ्यात दांडगा गडी ज्ञानू होता. दुसऱ्या वर्षी दगड चढवताना साखळी सुटली नि दगड ज्ञानूच्या कमरेवर आला. तीन महिने तो पालथा पडून होता. कळ सोसवेना म्हणून कोणीतरी अफूचं बोंड उकळून पाजलं. कळ थांबली. धरण पुरं होऊन सात-आठ वर्षं झाली तरी ज्ञानूचं अफू पिणं मात्र थांबलं नव्हतं. त्याची बायको भामाबाई दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाऊन घर चालवत होती.

आणि हे सगळं चोरून, बिगरपरवाना पुरवणारा होता गेनबा. तट्टावर मिरचीची पोती लादून यायचा, तोंडानं गोड, अंगानं गुबगुबीत. मिरची नावाला. लोकांना माहीत होतं, पाटलालाही माहीत होतं. पण त्याला धरायचा कसा?

त्या दिवशी बायका गेल्यावर कुंडलिक दोन गडी घेऊन सरळ धर्मशाळेत गेला. गेनबाला आधीच कुणकुण लागली असावी. तट्टाचा लगाम धरून तो पुलावर चढला होता. कुंडलिक मागोमाग धावला. पुलाच्या मधोमध जाऊन गेनबा थांबला, वळला आणि हसला.

"पाटील, दम खावा. तुमचं भोर संस्थान ह्या मधल्या कमानीवर संपतं. म्या उभा हाय तो इंग्रजांचा मुलूख. हितं मला हात लावला तर तुमचीच पाटीलकी जाईल."

खाली घाटावर धुणं धूत असलेल्या बायका माना वर करून बघत होत्या. कुंडलिकचा हात उचललेला तसाच राहिला. त्याला कधी इतकं लहान झाल्यासारखं वाटलं नव्हतं.

पलीकडच्या पाटलाला त्यानं चिठ्ठी धाडली. उत्तर आलं, 'आमच्या हद्दीत त्याने काही विकल्याची तक्रार नाही.' मग गाडी जुंपून तो भोरला गेला. फौजदार भला माणूस होता, पण कामानं पिचलेला.

"गेनबा तुमच्या हाती लागत नाही ना?" तो म्हणाला. "मग पिणारे धरून आणा. दोघं आणलेत तरी पुरे. गाव गप्प होईल."

परतीच्या वाटेवर बैल आपल्या चालीनं चालले होते आणि कुंडलिकला दोन नावं सुचत नव्हती. एकच सुचत होतं.

घरी आल्यावर त्याच्या बायकोनं, साळूबाईनं, त्याच्यापुढं ताट ठेवलं. त्यानं भाकरीला हात लावला नाही. तिनं सगळं काढून घेतलं त्याच्याकडून, मग म्हणाली, "त्याला भोरला न्यायच्या आदी एकदा इचारून तर बघा. मानूस हाय त्यो."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडलिक ज्ञानूच्या घरी गेला. ज्ञानू अंगणात उन्हात बसला होता. एवढा आडवातिडवा गडी, पण आता कातडं हाडांवर टांगल्यासारखं दिसत होतं.

"फुलाकाकीचा हंडा कोणी नेला?"

ज्ञानूनं वर बघितलंच नाही. "म्या. गेनबाला दिला. त्यानं शिरवळला इकून टाकला." मग तो म्हणाला, "न्या मला भोरला, पाटील. तितं तुरुंगात न्हाई गावायची गोळी. बरं हुईल."

दारात भामाबाई उभी होती. ती रडत नव्हती, नुसती बघत होती. त्या बघण्यानं कुंडलिकचा निश्चय झाला.

"भोरला मागनं बघू. आधी चल काकीकडं."

फुलाकाकीच्या दारात ज्ञानू भिंतीला धरून उभा राहिला आणि त्यानं झालं ते सांगितलं. काकीचा चेहरा लालबुंद झाला. तोंडाला येईल ते ती बोलली, त्याच्या बापापासून सुरुवात केली. ज्ञानू ऐकत राहिला. बोलता बोलता त्याच्या कमरेत चमक आली नि तो मटकन खाली बसला. काकी थांबली.

"लई दुकतंय का रं?"

"गोळी उतरली की दुकतं."

"माफ न्हाई करायची म्या तुला," काकी म्हणाली. "हंडा माझ्या आईचा हुता. पर त्या गेनबाला सोडून तुलाच भोरला धाडायचं, ह्ये काय खरं न्हाई." मग कुंडलिककडं वळून तिनं विचारलं, "पाटील, ती हद्द कुनाला असती? तुमाला का आमालाबी?"

"म्हंजे?"

"तुमी मधली कमान वलांडली तर पाटीलकी जाती. आमी वलांडली तर काय जातंय?"

कुंडलिक तिथंच तिच्या पायरीवर बसला.

गेनबा आता शहाणा झाला होता. तो पुलाच्या पलीकडच्या टोकाला, चिंचेखाली बसायचा आणि गिऱ्हाइकं त्याच्याकडं चालत यायची. बाजाराच्या दिवशी सकाळी सारोळ्याच्या बायका त्याच्याकडं मिरची घ्यायला गेल्या. टोपल्या डोक्यावर, आपापसांत कलकल. बयाबाईनं मिरची चिमटीत घेऊन नाकाला लावली, तिखट नाही म्हणाली. धोंडाबाईनं भावावरनं वाद घातला. गेनबा हसत हसत सगळ्यांना उत्तरं देत होता. तेवढ्यात फुलाकाकीनं चिंचेला बांधलेल्या तट्टाचा लगाम सोडला. पोती अजून तट्टाच्या पाठीवरच होती.

"अगं ए! तट्टू कुठं न्हेतीस?"

"तान लागलिया बिचाऱ्याला. पानी पाजून आणते."

"पाणी हिकडं हाय की!"

"हिकडलं गोड न्हाई."

काकी पुलावर चढलीसुद्धा. गेनबा उठला, पण त्याच्या आणि तट्टाच्या मधे अकरा बायका होत्या, आणि एकीलाही बाजूला व्हायची घाई नव्हती. त्यानं ढकलाढकली केली तशी बयाबाईनं टोपली खाली आपटली नि असा गलका केला की पलीकडचे लोकही धावून आले. बाईमाणसाच्या अंगाला हात लावला म्हणून त्यांनीही गेनबालाच दरडावलं. कसाबसा वाट काढून तो पुलावर धावत सुटला. त्याचं सगळं लक्ष तट्टावर होतं. मधली कमान कधी मागं पडली, त्याला कळलंही नाही.

पुलाच्या अलीकडच्या टोकाला कुंडलिक दोन पंचांना घेऊन उभा होता.

"रामराम, गेनबा. ये. आता माझ्या मुलखात आलास."

सडकेवरच पोती सोडली. लाल मिरचीच्या ढिगात पळसाच्या पानात गुंडाळलेले अफूचे काळे गोळे निघाले. तिखटानं सगळ्यांना ठसका लागला होता. पंच शिंकत शिंकत अंगठे उठवत होते.

भोरला फौजदारानं पंचनामा दोनदा वाचला. "हे तट्टू संस्थानच्या हद्दीत आलं कसं?"

"पाणी प्यायला, साहेब," कुंडलिक म्हणाला.

फौजदारानं मिशीत हसू दाबलं. पण मग गंभीर झाला. "तो म्हणतोय, बायकांनीच गोळे पोत्यात घातले. त्याच्याकडनं घेणारा कोणी उभा राहून सांगेल, तर खटला टिकेल. सांगणाऱ्याला मी आरोपी करणार नाही. मिळेल असा कोणी?"

कुंडलिकला ठाऊक होतं, तसा एकच माणूस आहे, आणि तो आज उभाही राहू शकत नाही.

गोळी बंद झाल्याला दोन दिवस झाले होते. कुंडलिकनं ज्ञानूला आपल्या सोप्यात आणून ठेवलं होतं. पुढचे आठ दिवस त्या घरात कोणाला धड जेवण गेलं नाही. ज्ञानूच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं, पोटात काही ठरत नसे, अंगाला कंप सुटायचा. एकदा त्यानं साळूबाईला शिव्या दिल्या, एकदा तिचे पाय धरले. साळूबाईनं दोन्ही सारख्याच शांतपणे घेतलं आणि पेजेचं वाडगं पुढं केलं. भामाबाई विटा तापवून फडक्यात गुंडाळून त्याच्या कमरेला शेकत बसायची. चौथ्या दिवशी फुलाकाकी आली. हातात निर्गुडीचा पाला होता. तो टाकून ती निघून गेली.

त्याच दिवशी दुपारी ज्ञानूनं डोळे उघडले तर कुंडलिक उशाशी बसलेला.

"ज्ञानू, तुला धरणावर म्या नेलं."

"व्हय."

"तवापासून तुझ्याकडं बघायचं टाळलं म्या. पाटील असून."

ज्ञानूनं त्याच्याकडं कूस वळवली. "तुमी दगूड न्हाई टाकला माज्यावर," तो म्हणाला. "पर ह्ये आदी बोलला असता, तर मला बरं वाटलं असतं."

खटल्याची तारीख आली तेव्हा ज्ञानू काठी टेकत चालू लागला होता. कळ होतीच. भोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं तेल दिलं होतं आणि साफ सांगितलं होतं, की ही कळ जन्माची आहे, हिच्याबरोबर राहायला शिक. कचेरीत ज्ञानूनं सगळं सांगितलं. हंड्याचंही सांगितलं. देवळाच्या समईचंही, जे त्याला कोणी विचारलं नव्हतं. एकही शब्द त्यानं मागं घेतला नाही. गेनबाला सहा महिन्यांची सजा झाली.

बाहेर आल्यावर दोघं बाजारातून गाडीकडं निघाले. वाटेत ठेकेदाराचं अफूचं दुकान होतं, सरकारी परवान्याचं, राजरोस उघडं. ज्ञानूची काठी थांबली. दुकानापुढं दोन म्हातारे गोळीसाठी हात पसरून उभे होते. कुंडलिक चार पावलं पुढं गेला होता. वळून बघितलं तर ज्ञानूच्या कपाळावर घाम फुटला होता.

कायद्यानं अडवावं असं तिथं काहीच नव्हतं.

"पाटील," ज्ञानू हळूच म्हणाला, "मला हाताला धरा."

कुंडलिक मागं आला. त्यानं ज्ञानूचा हात घट्ट धरला. भर बाजारात लोक वळून बघत होते, की हे दोन बाप्ये असे हात धरून का चाललेत. चौकात एक ओळखीचा भेटला, त्यानं रामराम घातला. कुंडलिकनं दुसऱ्या हातानं रामराम घेतला, आणि गाडीपाशी पोचेपर्यंत ज्ञानूचा हात सोडला नाही.