एका बोटाचं दुखणं

खेळणाऱ्या पोरीचे पाय दुखायचेच, त्यात काय एवढं? कमळा गेला महिनाभर स्वतःला हेच सांगत होती. पावस गावच्या आंब्याच्या बागेत दिवसभर कलमांखालचं रान काढून तिची स्वतःची कंबर धरलेली असायची, ती कोण विचारतंय? संध्याकाळी घरी आलं की आधी स्वयंपाक, मग लेकीची नडगी. उंडीचं तेल कोमट करायचं आणि दाबून दाबून चोळायचं. मनस्वी ओठ मिटून पडून राहायची, ओरडायची नाही. कमळाला वाटायचं, पोरगी गुणाची आहे.

मनस्वी खो-खो खेळायची, आणि अशी खेळायची की बघत राहावं. म्हणून तर ती सगळ्यांना हवी. सकाळी शाळेचा सराव, संध्याकाळी रत्नागिरीतल्या क्लबचा, आणि सामने जवळ आले की गावच्या मंडळाचाही. शाळा म्हणे, आम्ही फार पळवत नाही. क्लब म्हणे, आमचं तासाभराचंच काम. मंडळाची पोरं म्हणत, काकी, आमच्याकडे नुसती मजा. कोणी खोटं बोलत नव्हतं हो. पण तिन्हीकडे पळणारे पाय तेच दोन, हे काही कोणी मनात आणलं नाही. कमळानेही नाही. रविवारी राज्याच्या संघाची निवड होती. त्यात नाव लागलं तर पोरगी पुढेमागे खेळाडू म्हणून पोलिसात लागेल, या घरातली एक तरी बाई उन्हात कातळावर मरणार नाही, एवढंच तिला दिसत होतं.

शाळेच्या सर्वेश सरांचा फोन आला तेव्हा ती भडकलीच.

"मनस्वी खांबाकडे वळताना डावा पाय चोरतेय," सर म्हणाले. "बसलेली उठते तीही हात टेकून. हे तेलाने जायचं नाही, वहिनी. डॉक्टरांना दाखवा."

"आत्ताच बरं दिसलं तुम्हाला? रविवार तोंडावर आल्यावर?"

बोलली खरी, पण दुसऱ्या दिवशी बागेतला रोज बुडवून ती पोरीला घेऊन रत्नागिरीला गेली.

हाडांच्या डॉक्टर अक्षया वयाने लहानच होत्या. त्यांनी विचारलं, "कुठे दुखतं? हात लावून दाखव." मनस्वीने नडगीच्या आतल्या बाजूला एक बोट टेकवलं. पुन्हा विचारलं, तर पुन्हा तिथेच. डॉक्टरांनी तिथे अंगठा दाबला तशी पोरगी टेबलावरून अर्धी उठली.

"झोपेतसुद्धा दुखतं?"

"हो. जाग येते."

कमळाच्या मनात आलं, एकाच खोलीत झोपतो आम्ही, आणि मला पत्ता नाही!

एक्सरे काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरून बघितला. "यात तर काही दिसत नाही."

"सुटले गो बाय!" कमळाने हातच जोडले आणि हसत लेकीकडे बघितलं. मनस्वीचं तोंड एवढंसं झालं होतं. दमली असेल, असं कमळाला वाटलं.

"थांबा ताई, घाई नको. हाडाला बारीक तडा जायला लागला की सुरुवातीला एक्सरेत येत नाही. स्नायू दुखत असला की मुलं बहुतेक वेळा तळहात फिरवून दाखवतात. ही एकाच जागी बोट ठेवतेय, झोपेतही दुखतंय. खात्रीसाठी आपण एमआरआय काढू, पण पळणं आजपासून बंद. आणि घरी तेल चोळत असाल तर तेही बंद. आत्ता थांबली तर पुन्हा खेळेल. रविवारी पळाली आणि हाड मोडलं, तर पुढचं मी काही सांगू शकत नाही."

एसटी स्टँडवर नवऱ्याचा मुंबईहून फोन आला. कमळाने त्याला एक्सरेचं आणि डॉक्टरांचं सगळं सांगितलं. "फोटो चांगला हाय ना? मग झालं तर. डॉक्टर घाबरवतातच. एवढा रविवार काढ म्हणावं, मग हवी तेवढी झोप."

खरं सांगायचं तर कमळाच्याही मनात हेच चाललं होतं. चांगला आलेला एक्सरे पिशवीत होता. तो दाखवला तर कोण अडवणार होतं?

"खेळशील काय गो?" तिने विचारलं.

"खेळेन. आधी गोळी घेईन. दुखलं तरी तोंडावर दिसू देणार नाय. सवय हाय मला."

सवय! चौदा वर्षांची पोर आणि म्हणते सवय! अख्खा जन्म मुकादमासमोर कमळा स्वतः हेच करत आली होती. तिला एकदम इतका थकवा आला की नवऱ्याशी वाद घालायचंही त्राण उरलं नाही. तिने सरळ सरांना फोन लावला.

"सर, तिचं नाव काढा. क्लबला आणि मंडळाला तुम्हीच सांगा. कोण दारात आला बोलवायला, तर माझ्याशी गाठ हाय."

फोन ठेवून ती पोरीच्या आदळआपटीची वाट बघत बसली. मनस्वी रडली, पण आईच्या खांद्यावर डोकं टाकून.

"आये, फोटोत काय नाय म्हणाल्या ना त्या, तेव्हा मी घाबरले गो. तू एवढी हसलीस. मला वाटलं, आता माझं कोणालाच खरं वाटणार नाय."

पावसची गाडी लागली, माणसं चढली. कमळाला काही उठवेना.