फाशांना न विचारलेला प्रश्न

खोटं बोलू नये, हा पंचशीलातला चौथा नियम. मी तो रोज पहाटे म्हणते. ज्या दिवशी मोडला, त्या दिवशीही पहाटे म्हटला होता.

आमचं थाग्रांग हा चांगथांगच्या पठारावरचा शेळ्या चारणाऱ्यांचा तळ. शेळ्यांसाठी दगडाचे वाडगे, याकच्या केसांचे काळे तंबू आणि मंत्र कोरलेल्या दगडांची एक लांब मणी-भिंत, एवढंच तिथं आहे. पूर्वी चाळीस तंबू पडायचे, आता नऊ. बाकीचे लेहला उतरले. जो उतरला तो परत वर आला, असं काही झालेलं नाही. शेळ्या एकदा दुसऱ्याच्या कळपात मिसळल्या की वसंतात कुरणांच्या चिठ्ठ्या टाकताना आपलं नाव त्यात नसतं. कोणी हाकलत नाही. नाव नसतं एवढंच.

त्या भिंतीला मी व्रत बोलले होते. तीन हिवाळे, पहिल्या बर्फापासून बर्फ वितळेपर्यंत, रोज सकाळी एकवीस प्रदक्षिणा. दोन हिवाळे झाले होते. तिसऱ्याआधीच्या उन्हाळ्यात सरोवराकाठच्या गावात डोळ्यांच्या डॉक्टरांची गाडी आली आणि माझे यजमान नोर्फेल गंमत म्हणून तपासून घ्यायला गेले.

गंमत म्हणून, कारण आमच्याकडं डोळा म्हटला की नोर्फेलचाच. उघड्या मैदानावर दोन कोसांवर ठिपका हलला तरी ते चालीवरून माणूस ओळखायचे. मला, आईला मारतात तशी, हाक मारायचे, "आमाले, चहा टाक. सोनामचा थोरला येतोय, लंगडतोय जरासा." पाहुणा दारात येईपर्यंत लोणी घुसळून चहा तयार. शेजारचे गुरमेत, सगळ्यांचे अजांग म्हणजे मामा, म्हणायचे, "नोर्फेल, माझी सासू तेवढी जरा आणखी लांबून ओळखत जा. पळायला वेळ पुरत नाही."

डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी दोन्ही डोळ्यांत उजेड टाकून बघितलं, पुन्हा बघितलं आणि मला जवळ बोलावलं. "काचबिंदू आहे. कडेची नजर बरीच गेलीय. गेलेली परत येत नाही. उरलेली टिकवायची असेल तर बर्फ पडायच्या आत लेहला या. रोज थेंब, महिन्याला तपासणी, लागलं तर ऑपरेशन. इथं राहून हे जमायचं नाही."

तंबूत शिरताना नोर्फेल म्हणाले, "तू कुशोंना विचारून ये. ते म्हणतील तसं करू."

कुशो थिनलेस आमच्या गोंपाचे, म्हणजे मठाचे, म्हातारे भिक्खू. जनावर हरवलं, सोयरीक आली, तळ हलवायचा झाला, की त्यांच्याकडं जायचं. ते मंत्र म्हणून फासे टाकतात आणि पोथीत बघून उत्तर सांगतात. नोर्फेलनी त्यांच्या शब्दाबाहेर कधी पाऊल टाकलं नव्हतं. आणि माझ्या शब्दाबाहेरही नव्हतं. 'आमाले खोटं बोलत नाही,' असं ते चारचौघांत सांगायचे. मला ते ऐकायला आवडायचं, हेही इथं लिहिलं पाहिजे.

गोंपा अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मी पहाटेच एकटी निघाले. वाटेत दुपारचा वारा सुरू झाला. तो रोज त्याच वेळेला येतो आणि तोंडावर वाळू फेकतो. खालची माणसं विचारतात, तुम्हाला तिथं आवडतं तरी काय? झाड नाही, भाजी नाही, ओठ फुटतात, हाताला भेगा पडतात, त्यात लोणी भरून झोपायचं. चालता चालता मीही स्वतःला विचारलं. मला एवढंच सापडलं की इथं रोज काहीतरी वाचवावं लागतं. विस्तव वाचवायचा, पाणी गोठण्यापासून वाचवायचं, थंडीत जन्मलेलं करडू छातीशी धरून वाचवायचं. चाळीस वर्षं एखाद्या आजारी पोराचं करावं आणि मग कुणी म्हणावं, सोड आता त्याला, तसं मला झालं होतं. लेहला आमची मुलगी ल्हाझेस एका वसतिगृहात स्वयंपाक करते. तिच्या खोलीत मी एकदा आठवडाभर राहिले होते. नळ सोडला की पाणी. वाचवायला काही नाही. चौथ्या दिवशी मी उगीचच तिची स्वच्छ भांडी पुन्हा घासत बसले होते.

हे सगळं आसक्तीत मोडतं, मला कळत होतं. जी सोडायला म्हणून मी रोज प्रदक्षिणा घालत होते, तीच.

कुशो ओसरीत उन्हाला बसले होते. "ये कुन्झेस. नोर्फेलची शेळी हरवली असं कुणी म्हणालं तर मी विश्वास ठेवायचा नाही हां."

"शेळी नाही, कुशो." मी नमस्कार केला. वाटभर जो प्रश्न तोंडात धरून आले होते तो ओठापर्यंत आला. कुशो 'उतरा' म्हणाले तर? मग मी म्हणाले, "तीन हिवाळ्यांचं व्रत आहे. एक राहिलाय. मध्येच सोडायची वेळ आली तर काय करावं, तेवढं बघा."

"का, गुडघे कुरकुरतात?"

"थोडे."

ते हसले. फासे टाकले, पोथी उघडली. "चांगलं आलंय. घेतलेलं व्रत पुरं करावं. विघ्न येईल पण तडीस जाईल." आणि चहा पाजून त्यांनी मला वाटेला लावलं.

डोळ्यांचं मी काढलंच नाही.

परतले तेव्हा नोर्फेल वाडग्याच्या भिंतीवर दगड चढवत होते. "काय म्हणाले कुशो?"

"म्हणाले, थाग्रांग सोडू नका."

त्यांनी हातातला दगड नीट बसवला. "बरं झालं," म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती की भीती, हे मी बघितलं नाही. मी आत जाऊन चुलीत लेंड्या सारत बसले. मनाला समजावलं, व्रत थाग्रांगच्या भिंतीचं, ते सोडू नये म्हणजे थाग्रांग सोडू नये. फार खोटं नाही.

डॉक्टरीणबाईंनी थेंबांच्या दोन बाटल्या दिल्या होत्या. बर्फ पडल्यावर बाटली गोठायला लागली. नोर्फेल ती काखेत धरून बसायचे, मग मी थेंब घालायचे. दुसरी बाटली संपली तोवर रस्ता बंद झाला होता.

एक दिवस कुत्रं भुंकलं आणि अजांग गुरमेत थेट दारात उभे. नोर्फेल दचकले. चहा टाकलेला नव्हता. गुरमेत म्हणाले, "काय रे, माझी किंमत एवढी उतरली? चहासुद्धा नाही?" नोर्फेल हसून म्हणाले, "तुझी चाल बदललीय. मला वाटलं याक आहे." दोघं हसले. मी घाईनं पातेलं चढवलं.

त्यानंतर माझ्या ध्यानात येत गेलं. ते कळपाच्या पुढं चालणं सोडून म्होरक्या शेळीच्या घंटेमागं चालत होते. शेळ्या आत घेताना एकेकीच्या पाठीवर हात ठेवत होते. सगळे म्हणायचे, म्हातारपणी जनावरांवर माया वाढली. मी पण मान हलवायचे.

माघाच्या सुमाराला एका दुपारी वाऱ्यानं भुरभुर बर्फ उडत होतं. मी तंबूच्या दाराशी होते. नोर्फेल कळप घेऊन येताना दिसले. शेळ्या वाडग्याकडं वळल्या आणि ते सरळ चालत राहिले, तंबूच्या बाजूनं, माझ्यापासून वीस हातांवरून, पुढं. मला हाक मारता आली असती. मी तोंडावर हात धरून उभी राहिले. हाक मारली तर मला दिसलंय हे त्यांना कळेल, आणि मग बोलावं लागेल. पन्नासएक पावलांवर ते थांबले, नाक वर केलं, धुराचा वास घेतला आणि वळून परत आले. मला पाहून म्हणाले, "बर्फ फार उडतंय आज."

"हो," मी म्हणाले, "फारच."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकवीस प्रदक्षिणा घातल्या. एकही चुकवली नाही.

बर्फ वितळलं, व्रत पुरं झालं. नोर्फेलनी मला न विचारता कुशोंना निरोप धाडला की आमालेचं व्रत पुरं झालंय, येऊन दोन मंत्र म्हणा, आशीर्वाद द्या. नऊही तंबूंतली माणसं आमच्याकडं जमली. सातूच्या पिठात लोणी-गूळ घालून मुटके केले होते. मला मधे बसवलं. बायकांनी माझ्या गळ्यात पांढरी खतागं, मानाची उपरणी, घातली. "आचे कुन्झेस, तुझ्यासारखा नेम आम्हाला नाही गं जमायचा," असं एकीनं म्हटलं, ते मी मान खाली घालून ऐकून घेतलं. लोकांना तो विनय वाटला.

कुशो मंत्र म्हणून उठायला लागले तसे नोर्फेल चाचपडत पुढं झाले. त्यांनी खताग समोर धरलं, पण कुशोंच्या हाताच्या जरा बाजूला. कुशोंनी हात सरकवून ते घेतलं. "तुझ्या डोळ्यांना काय झालं?"

"गेले बरेचसे," नोर्फेल म्हणाले. "डॉक्टर म्हणाल्या होत्या लेहला चला, नाहीतर जातील. पण तुम्ही म्हणालात थाग्रांग सोडू नका, म्हणून थांबलो. आणि कुशो, या हिवाळ्यात एकही शेळी दगावली नाही. तुमचा शब्द खरा ठरला."

कुशोंनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग नोर्फेलचा हात हातात घेऊन म्हणाले, "माझेच फासे चुकले असतील, नोर्फेल. म्हातारा झालो. मला क्षमा कर."

सत्तर वर्षं भिक्खूचे नियम पाळलेला माणूस माझ्यासाठी खोटं बोलत होता, आणि एका गृहस्थाची क्षमा मागत होता.

मग अजांग गुरमेतनी नेहमीसारखं हसवायचा प्रयत्न केला. "कुशो, फासे फार जुने झाले. नवे घ्या. मी तर पोरीच्या सोयरिकीचं विचारायला येणार होतो. आता पलीकडच्या गोंपात जातो बाबा, उगाच आंधळा जावई गळ्यात पडायचा!"

दोघं-तिघं हसले. कुशोही हसले. ते हसू मला बघवेना.

"फासे चुकले नाहीत," मी म्हणाले. माझा आवाज मुळात लहान. कुणाला ऐकू गेला नाही. मी पुन्हा म्हणाले, "अजांग, कुशोंचे फासे चुकले नाहीत. मी डोळ्यांचं विचारलंच नव्हतं."

"म्हणजे?" नोर्फेलनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"मी व्रताचं विचारलं. ते म्हणाले व्रत पुरं कर. थाग्रांग सोडू नका, हे माझं होतं."

गळ्यातली खतागं मला एकदम जड झाली, पण काढायचं सुचेना. कुशो हळूच म्हणाले, "अगं, तेव्हा बोलली असतीस तर मी सांगितलं असतं. लेहला काय मणी-भिंती नाहीत? तिथं पुरं केलं असतंस."

"ते मला माहीत होतं, कुशो. म्हणून तर विचारलं नाही."

मला वाटलं नोर्फेल ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते गुरमेतना म्हणाले, "गाडी खाली कधी जातेय?"

"परवा."

"दोन जागा ठेवायला सांग." आणि मग, माझ्याकडं नाही, समोर बघत, "शेळ्या तू घे गुरमेत. म्होरकीला मारू नकोस. ती शहाणी आहे."

लेहच्या डॉक्टरांनी एक डोळा गेला म्हणून सांगितलं. दुसऱ्यात नळीतून बघावं एवढी नजर राहिली आहे, ती ऑपरेशननं धरून ठेवली. आम्ही ल्हाझेसच्या खोलीजवळ राहतो. थेंब मी वेळेवर घालते. नोर्फेल मला रागानं कधी बोलले नाहीत. जेवण वाढलं की जेवतात, ऊन आलं की बाहेर बसतात. 'आमाले खोटं बोलत नाही' हे वाक्य मात्र मी परत ऐकलं नाही. आणि काही विचारायचं असलं की ते मला पाठवत नाहीत, ल्हाझेसला पाठवतात.

मागच्या आठवड्यात त्यांनी तिला जवळ बोलावलं. मी आत थुक्पासाठी कणीक मळत होते. त्यांना वाटलं असेल मला ऐकू येत नाही.

"कुशो थिनलेस लेहच्या गोंपात आलेत म्हणे. जाऊन विचार," ते म्हणाले, "उन्हाळ्यात एक महिना थाग्रांगला जाऊन राहिलं तर चालेल का. डोळ्यांचं सगळं सांग. थेंबांचं सांग, डॉक्टर काय म्हणाले ते सांग. काही लपवू नकोस."

"आबाले, तिथं जाऊन करणार काय? दिसत तर नाही तुम्हाला."

"वारा तर येईल," ते म्हणाले. जरा थांबून पुन्हा म्हणाले, "दुपारचा."

"आणि कुशो नाही म्हणाले तर?"

"तर नाही. पण तू मला तेच येऊन सांग. जसं म्हणतील तसं."

ल्हाझेसनं चपला घातल्या. दाराशी येऊन ती माझ्याकडं बघून थांबली, मला काही सांगायचं असेल असं वाटून. मी मान खाली घातली. ती गेली.

मी कणीक मळत राहिले. मनातल्या मनात मंत्र म्हणायला घेतला, पण ओठांवर एकच येत होतं, हो म्हणू देत, कुशोंना हो म्हणू देत. एका माणसाचे डोळे गेले, तरी मी अजून तेच मागत होते. माझी मला इतकी लाज वाटली की मी बाहीआड तोंड केलं, जणू खोलीत कुणी बघत होतं.

आणि तरी मागत राहिले.