लाल पट्टा

मादागास्करच्या त्या उकडत्या बंदरात जपानशी लढायला निघालेल्या आमच्या ‘संत व्लास’ या रशियन युद्धनौकेवर तीन दिवस कोळसा चढत होता. जपानपर्यंत वाटेत आपलं म्हणावं असं एकही बंदर नाही, त्यामुळे कोळसा संपेल या धास्तीनं साहेबलोकांना वेड लागायचंच बाकी होतं. कोठारं भरली तेव्हा पोती न्हाणीघरात गेली, मग अधिकाऱ्यांच्या खोल्यांत, मग खालच्या तोफांच्या पायाशी. संत व्लासाच्या तसबिरीखालीसुद्धा थप्पी लागली आणि पाद्रीबाबा पोत्यांवर चढून प्रार्थना म्हणू लागले.

मी, सावेली लुकिच, तळाचा मुकादम. जहाज किती फूट पाण्यात आहे, ते रोज सकाळी होडीतून जाऊन नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रंगवलेल्या आकड्यांवरून वाचायचं, हे माझं काम. आकडा साडेसव्वीस हवा. त्या सकाळी तो एकोणतीस होता. ज्या पोलादी चिलखताच्या भरवशावर आम्ही लढायला निघालो होतो, ते सगळं पाण्याखाली गेलं होतं. वर उरला होता नुसता पत्रा, आणि त्या पत्र्यात खालच्या तोफांच्या खिडक्या.

त्यातल्या चौथ्या तोफेवर माझा मेहुणा तीखोन होता. निघताना धाकट्या बहिणीनं, उस्तिन्यानं, स्टेशनवर माझी बाही धरली होती आणि त्याला परत आणायचं वचन घेतलं होतं. तो गडी मात्र मजेत होता. खिडकीतून हात लांबवला की पाणी लागतं, आता मासे इथूनच धरतो, असं सगळ्यांना सांगत सुटला होता.

मी आकडा दुय्यम कप्तान झाबेलिन साहेबांना सांगितला. त्यांनी वहीत साडेसव्वीस लिहिला. म्हणाले, उद्या आरमारप्रमुखांचा माणूस तपासणीला येतोय. त्यानं खरा आकडा पाहिला तर निम्मा कोळसा समुद्रात फेकायला लावेल. तेव्हा तळाचा लाल रंग पाण्यावर दिसेल असा अडीच फूट वर ओढ, आणि आकडेही वर सरकव.

मी खरा आकडा पुन्हा सांगितला. तेव्हा ते हळूच म्हणाले, “तुझा मेहुणा चौथ्या तोफेवर आहे ना? गुरुवारी आजाऱ्यांना घेऊन मालाचं जहाज घरी परततंय. ताप काय, कुणालाही येतो.”

दुपारी मी दोरीच्या फळीवर बसून रंग लावला. खिडकीतून तीखोननं डोकं बाहेर काढलं.

“काय लुकिच, म्हातारीला लाली लावताय? लग्न ठरलं वाटतं तिचं.”

मी त्याला डोकं आत घे म्हणून खेकसलो.

तपासणीला आलेला अधिकारी तरुण होता, पण डोळस. त्यानं होडीतून जहाजाला दोन फेऱ्या मारल्या. आकडे वाचले, मग खिडक्यांकडे पाहत राहिला. शेवटी त्यानं मलाच विचारलं, “मुकादम, रोज तू मोजतोस. हे जहाज भरवेगात वळलं तर खिडक्या पाण्याला लागतील का?”

वर कठड्याला आठशे माणसं टेकली होती, काळीठिक्कर, तीन दिवसांची झोप डोळ्यांत. तोच कोळसा आता फेकायला सांगतात की काय, एवढीच त्यांना काळजी. आणि मला दिसत होता फक्त गुरुवार.

“नाही लागणार, हुजूर,” मी म्हणालो. त्यानं ते लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी लोकांनी मला खांद्यावर घेतलं. जो तो आपल्या वाट्याची वोडका माझ्या पुढ्यात ओतत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुरुवारी तीखोनला डॉक्टरांनी ताप असल्याचं सांगितलं. तो नको नको म्हणत असतानाच त्याला उतरवून नेलं. त्याच्या जागी बॉयलरवरचा प्रोखोर आला. तो मुद्दाम माझे आभार मानायला आला होता. म्हणाला, आगीपुढे जीव नकोसा झाला होता, इथं खिडकीतून वारा तरी येतो.

मे महिन्यात जपानच्या सामुद्रधुनीतल्या लढाईत आमचं जहाज एकदाच जोरात वळलं. डावी कूस कलली, खिडक्या पाण्याला लागल्या, आणि ती पुन्हा वर आलीच नाही. एक पेला चहा संपायला लागेल तेवढ्या वेळात ‘संत व्लास’ उलटलं. मी वर होतो म्हणून फेकला गेलो. जपान्यांनी पाण्यातून अकरा जणांना काढलं. चौथ्या तोफेवरचा त्यांत कुणी नव्हता.

कैदेतून सुटून गावी आलो तेव्हा तीखोननं जेवायला बोलावलं. पहिला पेला झाल्यावर त्यानं विचारलं, माझ्या जागेवर कोण होतं? खोटं तोंडाशी आलं होतं. पण आता माझ्यानं होईना. रंग, आकडे, गुरुवार, प्रोखोर, सगळं सांगून टाकलं.

त्यानं आपला पेला बाजूला सारला.

“मला विचारायचं तरी होतं, लुकिच,” तो म्हणाला.

उस्तिन्या चहा आणायला उठली. जाता जाता तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, मायेनं. तो हात मला सहन झाला नाही.