फिल्मबाईंचं टेबल

"पेन्सिल धरा आणि टेबलाच्या उजेडावर जोरजोरात हलवा," तात्या म्हणाले.

फिल्मबाईंनी हलवली.

"किती दिसतात?"

"पाच-सहा. सुट्या सुट्या."

"मलाही तेवढ्याच. आता बाहेर चला."

व्हरांड्यातल्या उन्हात बाईंनी तीच पेन्सिल हलवली, तर नुसता एक करडा पट्टा दिसला, कुठेही न तुटलेला.

"मग डोळे कुणाचे बिघडलेत? तुमचे की टेबलाचे?" तात्यांनी विचारलं. बाई एकदम भिंतीला टेकल्या. गेले दोन महिने त्या रोज रात्री देवाला नाही, पण डोळ्यांना हात जोडत होत्या.

कारखाना बॉयलरचा. जाड पत्रे वितळवून एकमेकांना जोडायचे, जोडाचा एक्स-रे काढायचा, आणि ती फिल्म खालून उजेड असलेल्या काचेच्या टेबलावर ठेवून बाईंनी वाचायची. सत्तावीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. त्यांची सही झाल्याशिवाय बॉयलर फाटकाबाहेर पडत नसे. अलीकडे मात्र दुपारपर्यंत डोकं ठणकायचं, फिल्मवरच्या रेघा थरथरायच्या. उजेड नाचतोय म्हणून सांगावं तर सगळे म्हणायचे, छान लख्ख तर आहे, वय झालं बाई तुमचं. शेवटी आज त्यांनी 'नजर अधू झाली, काम बदलून द्यावे' असा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला होता. कारखान्याचे वायरमन तात्या पंखा बघायला आले, त्यांनी बाईंना डोळे चोळताना पाहिलं आणि पेन्सिल मागितली.

आता तात्यांनी ऐटीत टेबलाचं झाकण उघडलं आणि त्यांची ऐट जागच्या जागी विरली.

आत दोन नळ्या होत्या. विजेवरच्या नळीचा उजेड सेकंदाला शंभर वेळा चढतो नि पडतो, फक्त सहसा कुणाला कळत नाही. म्हणून एका नळीला कंडेन्सर जोडायचा, म्हणजे एकीचा उजेड पडताना दुसरीचा चढता असतो आणि काचेवर तो स्थिर राहतो. दोन महिन्यांपूर्वी तो कंडेन्सर फुगला होता. स्टोअरमध्ये नवा नव्हता, तेव्हा तात्यांनी जुना काढून तारा सरळ जोडून दिल्या. नळी पेटली, तात्या खूश. नवा आल्यावर बसवायचं साफ विसरून गेले. तेव्हापासून दोन्ही नळ्या एकदमच मंद होत होत्या.

"बाई, हे माझंच काम," ते खाली मान घालून म्हणाले. "कसं सांगू तुम्हाला."

"आधी दुरुस्त करा. मग सांगा."

अर्ध्या तासात टेबल तयार झालं. बाईंनी एक फिल्म ठेवली, तिच्यावर वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या. मग त्यांनी पर्समधला अर्ज काढून फाडला.

"तात्या, इतकी वर्षं टेबलं दुरुस्त करता. कधी फिल्म बघितलीत?"

नव्हती बघितली. ते यायचे तेव्हा फिल्म आवरून ठेवलेल्या असायच्या.

"हा पांढरट पट्टा म्हणजे जोड. इथे वेल्डरचा हात थांबला. इथून पुन्हा सुरू झाला. हा काळा ठिपका म्हणजे हवेचा बुडबुडा, मोहरीएवढाही नाही, चालतो."

तात्यांनी तोंडावर हात ठेवला. दोन बोटं जाड लोखंड, घणाने फुटायचं नाही, आणि त्याचं पोट असं निवळ पाण्यासारखं समोर! माणसाचा हात कुठे थबकला तेसुद्धा त्याने जपून ठेवलेलं. आणि ही बाई रोज सकाळी डबा घेऊन येते आणि हे वाचते.

बाईंचं बोट मात्र फिल्मवर थांबलं होतं.

"तात्या," त्या हळू म्हणाल्या, "मग दोन महिने मी काय वाचलं?"

त्या दोन महिन्यांच्या दोनशे बारा फिल्म निघाल्या. सगळ्यांवर बाईंची सही. तात्यांनी बाकीची कामं गुंडाळून ठेवली आणि एकेक फिल्म देत राहिले. एकशे एक्केचाळिसावी पाहताना बाईंनी भिंग मागितलं. मग ते तात्यांच्या हातात दिलं. पट्ट्याच्या कडेला तान्ह्या बाळाच्या जावळासारखी एक रेघ होती. तडा. तो बॉयलर एका इस्पितळात बसला होता, सोमवारी पेटणार होता.

साहेबांना बोलावलं. त्यांनी दार लोटून घेतलं.

"बाई, निवृत्तीला आठ महिने राहिलेत तुमच्या. सत्तावीस वर्षांत एक बोट दाखवलेलं नाही कुणी. एवढीशी रेघ, कोण बघणार आहे पुन्हा?"

"मी बघितलीय, साहेब."

साहेबांनी भिंग घेऊन ती रेघ स्वतः पाहिली आणि इस्पितळाला फोन करायला गेले.

बाईंनी अहवाल लिहायला घेतला. तडा माझ्याकडून सुटला, बॉयलर वापरू नये, खाली सही. तात्यांनी खांद्यावरून वाचलं.

"टेबलाचं लिहिलं नाहीत?"

"डोकं दुखत होतं तेव्हाच थांबायला हवं होतं मी. सह्या करत बसले. ते टेबलाने नाही केलं."

या बाईपुढे उभं राहायचीही आपली लायकी आहे का, असं तात्यांना वाटलं.

"मग माझ्या वाटणीचं मला लिहू द्या," ते म्हणाले.

बाईंनी पेन दिलं. तात्यांनी मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं: टेबलातला कंडेन्सर मी काढला. परत बसवला नाही. वायरमन. बाईंनी ते वाचलं आणि तारीख घालायला सांगितली. त्यांनी तारीख घातली.

अजून एकाहत्तर फिल्म राहिल्या होत्या. बाईंनी चष्मा पुसला. तात्यांनी हात धुतले, कोरडे केले, आणि पुढची फिल्म कडांना धरून अलगद काचेवर ठेवली.