चौकीकडची खिडकी

आमच्या शाळेच्या भिंतीला लागूनच पोलीस चौकी होती. आणीबाणीत नागरिकशास्त्राच्या तासाला मूलभूत हक्कांचा धडा निघाला, की पहिल्या बाकावरची कौशल्या न सांगता उठायची आणि चौकीकडची खिडकी लावून घ्यायची. मग त्या उकाड्यात मी हलक्या आवाजात शिकवायचे आणि स्वतःवरच चिडायचे.

सत्याहत्तरच्या मार्चमध्ये आणीबाणी उठली. परीक्षेआधी उजळणीसाठी मी तोच धडा काढला, तशी कौशल्या उठलीच.

"आता काहून लावून राहिली वं? राहू दे उघडी."

"सवय झाली, बाई," म्हणत ती ओशाळून खाली बसली.

मी मुद्दाम मोठ्यानं वाचू लागले. कोणालाही अटक केली, तर तिचं कारण त्याला सांगावंच लागतं. तेवढ्यात खिडकीच्या गजांपलीकडे खाकी टोपी दिसली. चौकीतले हवालदार श्रावणराव तिथं येऊन उभे होते. माझा आवाज आपोआप खाली आला, आणि तो अजूनही येतो याचा रागही आला. पुस्तक मात्र मी मिटलं नाही.

"काय झालं, श्रावणराव?"

त्यांनी एकदा मागे चौकीकडे बघितलं.

"काही नाही, बाई. ते कारण सांगा लागते म्हणता ना, ते अजून एकदा मोठ्यानं होऊ द्या. आमचे साहेब आतच बसून आहेत."

कितीतरी दिवसांनी मी त्या तासाला मोकळं हसले. मग पुस्तक कौशल्याच्या हातात दिलं. तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता.